पलीकडच्या काठावरच्या गाई

दुपारच्या जेवणाला बसलो असताना नदीच्या पलीकडून घंटांचा आवाज आला. केनियातली मारा नदी त्या ठिकाणी मोठे वळण घेते. वळणाच्या आतल्या अंगाला आमचा कॅम्प होता आणि समोरच्या काठावर मसाई लोकांची गुरे चारण्याची जमीन. उतारावरून पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा खांद्यावर आडवी काठी टाकून येत होता आणि त्याच्या पुढे पांढऱ्या, तांबूस, ठिपकेदार गाई धूळ उडवत पाण्याकडे चालल्या होत्या. शेजारच्या टेबलावरील गृहस्थांनी व्यवस्थापकाला बोलावले आणि अत्यंत सौम्य आवाजात विचारले, की या गाई रोज याच वेळी येतात का, आणि येत असतील तर त्यांना थोडे खालच्या अंगाला नेता येणार नाही का. कारण ते इतक्या लांबून जंगल पाहायला आले होते. व्यवस्थापक हसला, ‘पाहतो’ म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे वळला. गाई पोटभर पाणी प्यायल्या, चढ चढून दिसेनाशा झाल्या, आणि विषय तिथेच मिटला. माझ्या मनातून मात्र तो हलेना. त्या गृहस्थांचे बोलणे उद्धट असते तर नाक मुरडून मोकळे होता आले असते. पण पैसे मोजून घेतलेल्या दृश्यात काय असावे आणि काय नसावे, असा तो सरळ व्यवहाराचा प्रश्न होता. शिवाय पाणघोड्यांकडे बघायला बसलेल्या मला अचानक गाई दिसल्या तेव्हा बरे वाटले की हिरमोड झाला, हे माझे मलाही नीट सांगता आले नसते.

भाऊ आणि वहिनी नैरोबीला राहतात, त्यामुळे हा बेत त्यांचा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून निघणाऱ्या छोट्या विमानात माणशी पंधरा किलो सामान चालते, तेही कापडी, दबणाऱ्या पिशवीत. मातीच्या धावपट्टीवर उतरलो तेव्हा ऑगस्ट सरत आला होता आणि हवेत पुण्याच्या डिसेंबरातला कोरडा गारवा होता. विषुववृत्त इतके जवळ असताना स्वेटर लागतो, हे ऐकून ठाऊक असले तरी अंगाला पटायला वेळ लागतो. पण माराचा हा प्रदेश समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरांहून उंच आहे आणि तिथे सूर्य मावळला की थंडी लगोलग येऊन बसते.

तंबूविषयी सांगायला हवे. आपल्याकडे तंबू म्हटले की डोळ्यांपुढे गिर्यारोहकांची वाकून आत शिरायची नायलॉनची खोपटी येते, नाही तर पालखीच्या तळावरची राहुटी. इथला तंबू लाकडी ओट्यावर उभा होता. जाड, मेणचट वासाचे हिरवट कॅनव्हास, चारी बाजूंनी ताणलेले तणावे, जमिनीत हातभर ठोकलेल्या लोखंडी मेखा आणि वर उन्हापावसासाठी दुसरे छत. आत सागवानी रंगाचा मोठा पलंग, लोकरीच्या पांघरुणांची चळत, लिहायचे टेबल, पितळी दिवा आणि त्यात सौर विजेवर जळणारा बल्ब. मागच्या कनातीआड न्हाणीघर. तिथला शॉवर म्हणजे झाडाच्या फांदीला कप्पीने टांगलेली बादली. संध्याकाळी ठरल्या वेळी कापडापलीकडून हाक येई, कढत पाणी वर ओढल्याचा आवाज येई आणि मग आपण आत उभे राहून साखळी ओढायची. बादलीत पाणी मोजकेच असल्यामुळे साबण लावताना साखळी सोडून द्यावी लागे. एवढ्या महागड्या मुक्कामात वीस लिटरांत आंघोळ उरकावी लागते याचे वहिनीला हसू येत होते. मला मात्र कप्पीच्या त्या करकरण्यात, कापडापलीकडच्या माणसाच्या खोकल्यात आणि त्याच्या-माझ्यामध्ये असलेल्या केवळ एका पडद्यात काहीसे अवघडल्यासारखे होई. पाणी गरम करायला तो तासभर आधी चूल पेटवत असे. रात्री जेवून परतावे तर पांघरुणाखाली लोकरी अभ्रा घातलेली गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवलेली असे. पाय आत सरकवताच ती कोमट, गुबगुबीत वस्तू पायाला लागली आणि पहिल्या रात्री मी किंचाळले.

खाण्याचे पदार्थ तंबूत ठेवायचे नाहीत, हा तिथला पहिला नियम. बबून आणि माकडे चेन उघडायला शिकली आहेत, म्हणून चेनीच्या टोकाला आतून एक कडी अडकवायची असते. वहिनीने आणलेले बेसनाचे लाडू त्यामुळे स्वागतकक्षातल्या कपाटात जमा झाले आणि डब्यावर आमच्या तंबूचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लागली. लाडू हवा असेल तर मागून घ्यायचा. स्वयंपाक्याला मात्र आम्हा शाकाहारी मंडळींचे काहीही नवल वाटले नाही. चपाती आणि समोसा केनियाच्या घराघरांत केव्हाच स्थिरावलेले आहेत, आणि जिऱ्याच्या फोडणीची डाळ तर त्याने अशी केली, की भावाने ती दोनदा मागून घेतली.

या थाटाची परंपरा फार चांगल्या हेतूंची नाही. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत शिकारीला आले तेव्हा त्यांच्यासोबत सुमारे २५० हमाल होते. तंबू, आंघोळीची सोय, मिठाच्या गोणी, डुकराच्या कातड्याची बांधणी केलेली पुस्तके, हे सारे माणसांच्या डोक्यावरून चालले आणि मुक्कामाच्या तंबूवर अमेरिकेचा झेंडा फडकला. त्याच्या थोडे आधी, १९०४ मध्ये, आणि नंतर पुन्हा १९११ मध्ये करारांच्या नावाखाली मसाई लोकांना त्यांच्या उत्तरेकडच्या उत्तम कुरणांवरून हलवण्यात आले आणि ती जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना मिळाली. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. बंदुका गेल्या, कॅमेरे आले, तंबू राहिले. पितळी दिवा, चामड्याच्या पट्ट्यांची पेटी, पांढरे टेबलक्लॉथ ही सगळी मांडणी अजूनही त्याच काळाची नक्कल करते. मला ती मांडणी आवडली, हे सांगायला हवे. इतिहास ठाऊक असूनही पितळेच्या दिव्याचा उजेड सुंदरच पडतो, आणि या दोन गोष्टींचा मेळ मला तिथे असेपर्यंत घालता आला नाही.

रात्रीची खरी गंमत पातळ भिंतींची.

कॅनव्हास नजर अडवते, आवाज अडवत नाही. अंधार पडला की दिवसभर पाण्यात डुंबलेले पाणघोडे काठावर चरायला चढतात. एक मोठा पाणघोडा रात्रीत चाळीसेक किलो गवत खातो असे म्हणतात, आणि आमच्या तंबूंमधली हिरवळ कोणत्याही माळ्याशिवाय इतकी नीटस कशी राहते, याचा उलगडा पहिल्याच रात्री झाला. उशीपासून हातभर अंतरावर, कापडापलीकडे, गवत उपटले जात होते. जुने सुती लुगडे कोणी सावकाश, पट्ट्यापट्ट्यांनी फाडत असावे तसा तो आवाज. मग एक दीर्घ फुत्कार, मग पोटातली गुरगुर, मग पुन्हा फाडणे. दोन-तीन हजार किलो वजनाचे जनावर आणि माझी उशी यांमध्ये एक कापड होते. घाबरून उठून बसावे, की तो आपल्या वाटेला जाणार नाही या भरवशावर पडून राहावे, हे ठरवेपर्यंत तो तणाव्याला न अडखळता पुढे सरकलाही. त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात आणि तंबू त्या वाटा सोडून ठोकलेले असतात, हे सकाळी कळले. थोडक्यात, माझी भीती कोणीतरी आधीच आखून, मोजून, दोन मेखांच्या मधोमध बसवली होती. तरीही ती भीती खोटी नव्हती. हृदय धडधडले ते धडधडलेच.

दिवसा ओट्यावर बसून नदी पाहण्यात मी सफारीच्या फेऱ्यांपेक्षा जास्त रमले. आम्ही मसाई माराच्या राखीव जंगलातही एक दिवस गेलो. विल्डबीस्ट या दणकट, हरणवर्गी जनावरांचे कळप नदी ओलांडतात ते सुदैवाने पाहायला मिळाले. त्याची चित्रे सर्वांनी पाहिलेली आहेत, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. एवढेच सांगते, की मगरींनी धरलेल्यांपेक्षा गर्दीत, चिखलात आणि ओढीत बुडणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी असते. २००१ ते २०१५ या काळाचा अभ्यास करणाऱ्यांनी दर वर्षी सरासरी ६ हजारांहून अधिक विल्डबीस्ट या नदीत बुडतात असा हिशेब मांडला आहे, आणि त्या मांसावर गिधाडे, मासे, मगरी आणि अखेर हाडांमधल्या फॉस्फरसावर स्वतः नदी कितीतरी काळ पोसली जाते. आमच्या वळणावर यातले नाट्य नव्हते. तिथे होते तपकिरी, दुधाळ पाणी, त्यात काळ्या दगडांसारखे पडलेले पाणघोडे, आणि उन्ह चढले की वर येणारा शेणाचा, कुजक्या गवताचा, किंचित गोडसर वास. केनियातल्या मारा नदीच्या पट्ट्यात चार हजारांहून अधिक पाणघोडे आहेत आणि ते मिळून रोज सुमारे ३६ हजार किलो शेण पाण्यात टाकतात. पाणी वाहते असेल तोवर ते माशांचे अन्न. पाणी कमी झाले की डोहांच्या तळाशी ते साचते आणि वर जोराचा पाऊस झाला की ढवळून निघालेला तो गाळ पाण्यातला प्राणवायू खातो, मग मासे पोटे वर करून तरंगतात. बाटलीबंद दृश्यात न बसणारी ही नदी मला फार आवडली.

पहाटे साडेपाचला तंबूच्या बाहेरून ‘जांबो’ असा आवाज येई आणि ओट्यावर चहाचा ट्रे ठेवल्याची किणकिण होई. तो चहा बहुधा नदीच्याच माहेरचा असावा. मारा उगम पावते ती माऊच्या डोंगरपठारावर. तिथून न्यांगोरेस आणि अमाला हे दोन प्रवाह येऊन मिळतात आणि पुढे सुमारे ४०० किलोमीटर वाहून ती टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. माऊचे जंगल हे तिचे साठवणीचे टाके, आणि त्याच जंगलाच्या कडेने केरिचो-बोमेटकडचे चहाचे मळे पसरलेले आहेत. जंगल तोडून शेते झाली. एकट्या २००१ मध्ये सरकारने माऊच्या राखीव जंगलातून सुमारे ६० हजार हेक्टर क्षेत्र वगळले. सरकारनेच १९८६ पासून जंगलाच्या कडेला चहाची लागवड कुंपण म्हणून केली होती, की निदान त्यापुढे कुऱ्हाड जाऊ नये. त्यामुळे कपातल्या चहाकडे रागाने पाहावे की कौतुकाने, हेही पहाटे साडेपाचला ठरवता येत नाही. परिणाम मात्र नदीत दिसतो. पावसात ती पूर्वीपेक्षा लवकर फुगते आणि कोरड्या महिन्यांत पूर्वीपेक्षा जास्त आटते, असे तिथली जुनी माणसे सांगतात आणि अभ्यासकही साधारण तेच म्हणतात.

अंधार पडल्यावर तंबूतून एकट्याने बाहेर पडायचे नाही. टॉर्च हलवून इशारा द्यायचा, मग अस्कारी, म्हणजे पहारेकरी, येऊन जेवणाच्या तंबूपर्यंत सोबत करतो आणि परत पोचवतो. आमच्या बाजूचा अस्कारी पन्नाशीचा, शिडशिडीत, लाल चौकड्यांची शुका पांघरलेला माणूस होता. एका हातात भाला, दुसऱ्या हातात मोठा टॉर्च. पाहुण्यांना शोभेसाठी भाला दिला असेल असे मला वाटले होते, पण त्याचे लक्ष सतत झुडपांच्या उंचीवर आणि वाऱ्याच्या दिशेवर असे. एका रात्री वाटेत हत्ती उभे असल्यामुळे आम्हाला शेकोटीपाशी बराच वेळ थांबावे लागले. भारतातली बाई म्हटल्यावर त्याने पहिला प्रश्न गाईंचाच विचारला. किती आहेत? एकही नाही, असे मी सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती दाटून आली. मग त्याने भावाकडे पाहून, यांच्याकडेही नाहीत का, असे विचारले. भावाने मान हलवली. आम्ही दोघेही एवढे पैसे भरून तिथे कसे पोचलो, हे कोडे त्याला पडले असावे.

त्याची स्वतःची जमीन त्या कॅम्पभोवतीच्याच कुरणात होती. मसाईंच्या सामायिक जमिनींची पूर्वी वाटणी होऊन एकेका कुटुंबाला तुकडे मिळाले. कुंपणे पडू लागली आणि जनावरांच्या वाटा तुटू लागल्या. केनियातले निम्म्याहून अधिक वन्यजीव राखीव जंगलांच्या बाहेर, अशाच लोकांच्या जमिनींवर राहतात, आणि १९७७ ते २०१६ या काळात देशातील वन्यजीवांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटली, हे लक्षात घेतले की त्या कुंपणांचे गांभीर्य कळते. साधारण २००६ पासून माऱ्याच्या आसपासच्या जमीनमालकांनी आपले तुकडे पुन्हा एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. एकरामागे ठरलेले भाडे दरमहा मिळते. पाहुणे आले काय नि न आले काय. तंबूंची संख्या एकरांशी बांधलेली असते, म्हणून तिथे गाड्यांची गर्दी नसते आणि म्हणून दर चढे असतात. त्या बदल्यात मालकांनी तिथे घर बांधायचे नाही आणि गुरे ठरलेल्या भागात, ठरलेल्या काळातच चारायची. जमिनीच्या कागदांवर नावे मात्र बहुतांशी पुरुषांची, त्यामुळे भाडेही त्यांच्याच हाती पडते. त्याच्या बायकोविषयी मी विचारले तेव्हा, ती मण्यांचे काम करते, एवढेच तो बोलला.

भाड्याचे पैसे कशात घातले, असे भावाने विचारले. धाकट्याची शाळेची फी, घरावर पत्रे, असे सांगून तो थांबला आणि मग जरा लाजत म्हणाला, “आणि गाई.”

मला दुपारचे ते गृहस्थ आठवले. गाई नजरेआड राहाव्यात म्हणून ते जे भरत होते, त्यातूनच पलीकडच्या काठावर गाई वाढत होत्या. त्या दोघांना समोरासमोर बसवावे असे क्षणभर वाटले. पण अस्कारीला त्यात विसंगती दिसली नसती. त्याच्या लेखी सिंह भाडे आणतो आणि गाय प्रतिष्ठा आणते, दोन्ही जनावरे आपापल्या जागी ठीक. मात्र दुष्काळात अलीकडच्या काठावर गवत उभे असते आणि पलीकडे गुरे वाळत जातात, तेव्हा रात्री चोरून गुरे आत घालणाऱ्या पोराला पकडून द्यायचे काम याच माणसांवर येते. पकडलेला पोरगा कधी पुतण्या असतो, असे तो म्हणाला. मग दंड कोण भरतो, असे मी विचारले. “काका,” तो म्हणाला आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला. हत्ती एव्हाना निघून गेले होते.

करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, विमाने थांबली तेव्हा भाड्याचेही वांधे झाले. बऱ्याच ठिकाणी मालकांनी कमी भाड्यावर समाधान मानले. एका उद्योगावर इतके सारे टांगून ठेवण्यातला धोका तेव्हा सगळ्यांना दिसला. नदीनेही आपला धोका दाखवलेला आहे. १ मे २०२४ रोजी माऱ्याला येऊन मिळणारी तालेक नदी रात्रीतून फुगली, काठावरचे अनेक कॅम्प पाण्याखाली गेले आणि पाहुण्यांना व कर्मचाऱ्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. आमच्या कॅम्पमध्येही एका अंजिराच्या झाडाच्या बुंध्यावर, माझ्या डोक्याच्याही वर, वाळलेल्या गाळाची आणि काटक्यांची रेघ होती. तिच्यापासून काही पावलांवर पाहुण्यांसाठी आरामखुर्च्या मांडलेल्या. नदीपासून तंबू जितका जवळ तितका दर जास्त, त्यामुळे शहाणपण ठाऊक असूनही तंबू मागे सरकत नाहीत. मला विचाराल तर ते सरकवायला हवेत, आणि ते सरकवण्याची सक्तीही व्हायला हवी. नदी पाहायला पन्नास पावले चालावे लागले तर कोणाचे काही बिघडत नाही. अर्थात माझा ओटा पाण्याला जवळजवळ टेकलेला होता आणि त्याचा मी पुरेपूर उपभोग घेतला.

निघण्याच्या सकाळी बिल आले. भावाने सवयीप्रमाणे ओळ न् ओळ वाचली. तंबूचे भाडे, कुरणाचे प्रतिरात्री शुल्क, आणि राखीव जंगलात गेलो त्या दिवसाचे वेगळे शुल्क; जुलै ते डिसेंबर या हंगामात परदेशी पाहुण्याला त्यासाठी माणशी दिवसाला २०० डॉलर पडतात, तो आकडा पाहून त्याने चष्मा पुसला. मला त्या कागदात आणखी एक ओळ हवी होती, या रात्रींच्या पैशांतून जमीनमालकांना नेमके किती गेले ते सांगणारी. व्यवस्थापकाला विचारले. त्याने टाळाटाळ केली नाही. कुरणाच्या शुल्कातून भाडे जाते, कॅम्पच्या दरातूनही काही भाग जातो, वार्षिक हिशेब मालकांच्या सभेत मांडला जातो, असे त्याने सांगितले. पाहुण्यांपैकी हे फारसे कोणी विचारत नाही, असेही म्हणाला. भावाचे म्हणणे, आपण ग्राहक, आपल्याला त्याचे काय. हॉटेलात जेवताना आपण कांदे कुठल्या शेतकऱ्याकडून घेतले असे विचारतो का? मी म्हटले, विचारायला हवे. त्यावर वहिनीने, आधी लाडवांचा डबा परत घ्या, असे दोघांनाही बजावले. डबा आला तेव्हा त्यात तीन लाडू कमी होते आणि चिठ्ठीवर कोणीतरी इंग्रजीत आभार लिहिले होते.

पुन्हा जाणार का, असे घरी परतल्यावर अनेकांनी विचारले. जाईन. कळपांच्या हंगामात नाही. फेब्रुवारीत, शुल्क निम्म्यावर आलेले असते तेव्हा, आणि जमले तर ज्या कॅम्पची मालकी मसाईंकडेच आहे अशा ठिकाणी. तिथली कप्पी अशीच करकरेल की नाही ते ठाऊक नाही. भाऊ म्हणतो, तेवढ्या पैशांत दोन दुभत्या गाई येतील. अस्कारीला हे त्याने कळवलेले दिसते.